केबल उलट्या होत्या

माझे पीएचडीचे सर फोनच्या पलीकडे पुण्यात, मी आमगावजवळ आमच्या भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात, आणि चूक म्हणे माझी. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा, विझलेला तारा. त्याच्याकडून येणारी रेडिओ लहर किती कललेली आहे आणि तो कोन कुठल्या बाजूला सरकतो, हे मोजणं माझं पीएचडीचं काम. त्यासाठी दुर्बिणीत दोन केबल असतात, एक उभ्या लहरीची, एक आडव्या लहरीची. त्यांची अदलाबदल झाली की कोन उलटा सरकतो. आमच्या पल्सारचा कोन अपेक्षेच्या उलटाच सरकत होता. बरं, त्याच दिवशी पडताळणीसाठी घेतलेला, सगळ्यांना पाठ असलेला पल्सार, तोही उलटा. आणखी पुरावा काय पाहिजे, डोंबल?

पण सरांना उलटा कोन आवडला होता. आपल्या पल्सारचा खरंच उलटा आहे, हाच तर शोध, म्हणाले. आणि पडताळणीचा उलटा आला तो तुझा घोळ, रोवणीच्या नादात लक्ष नाही तुझं. वा रे न्याय! पेपर सोमवारी जाणार होता, माझ्या नावासकट. आणि मी मठ्ठासारखी म्हणाले, हो सर, माझंच चुकलं असेल.

शेजारी आई वाकून रोवत होती. वर न पाहताच तिनं विचारलं, "तू चुकली का?"

"नाही."

"मंग चुकली म्हून कायले सांगून राहिली?"

मी हातातली रोपांची जुडी खाली ठेवली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर गेले, हात लुगड्याच्या धडप्याला पुसले, परत फोन लावला. केबल तपासून घ्या, नाहीतर पेपरवरून माझं नाव काढा, असं सांगितलं. सर थंडपणे म्हणाले, "मग थिसिसमध्ये काय लिहिशील?"

"केबल उलट्या होत्या, हेच."

त्यांनी फोन ठेवला. चार वर्षं पाण्यात गेली असं वाटलं. पुन्हा पऱ्ह्यांची जुडी उचलली.

सोमवारी पेपर गेला नाही. पुढे दुर्बिणीवरच्या लोकांनीच कळवलं की केबल उलट्या लागल्या होत्या. पुण्यात आमच्या गटाच्या बैठकीत सर हसतहसत सगळ्यांना सांगत होते, "आम्हाला शंका होतीच."

मी उभी राहिले. म्हणाले, "मला होती, सर. तुम्हाला नव्हती."