मडगार्डवरची जागा

माझी नोकरी डाग शोधण्याची. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपच्या शेवटच्या टोकाला मी अठरा वर्षं उभा आहे. ट्यूबलाइटखालून गाडी सरकते आणि मोहरीएवढा कण दिसला तरी मी ती बाजूला काढतो. त्यामुळे महाळुंग्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला वडिलांचा ट्रॅक्टर आहे तसाच जपायचा, रंगवायचा नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको हसली. "तुम्हाला झेपायचं नाही," म्हणाली.

जमीन कंपन्यांत गेली, मागोमाग वडीलही गेले. गावात ज्यांनी जुने ट्रॅक्टर रंगवून हॉटेलापुढे उभे केले त्यांचे ट्रॅक्टर जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसतात. आपला तसा व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. मोबाइलवर पाहिलं: धुवायचं, गंज थांबवायचा, जवसाचं तेल चोळायचं, आणि मूळ रंग जसा विटला असेल तसा राहू द्यायचा. ऐकायला सोपं. हातात फडकं घेतलं आणि डोक्याचा भुगा झाला. बॉनेटवरचा तांबूस डाग गंजाचा, की दसऱ्याच्या कुंकवाचा? पुसायचा की राखायचा? गिअरच्या दांड्यावरचं काळं म्हणजे ग्रीस, की वडिलांच्या तळहाताचा मळ? पुसलं की वाटे, चुकलं. नाही पुसलं तरी वाटे, चुकलं. कंपनीत हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथं डाग तो डाग.

डाव्या मडगार्डबद्दल मात्र मला शंका नव्हती. तिथला ताटाएवढा रंग पार गेला होता, खाली पत्रा उघडा, आणि कडेनं गंज धरू लागला होता. दोन पावसाळ्यांत भोक पडलं असतं. आई चार दिवस देहूरोडला मावशीकडे गेली होती. तेवढ्यात मी ती जागा पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर मारला, आणि विटक्या लालशी जुळेपर्यंत रंग सात वेळा कालवला. इतका जुळला की दुसऱ्या दिवशी मलाच जागा सापडेना. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

आई आली ती चहा न घेताच मागे गेली. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि डाव्या मडगार्डवरून हात फिरवत राहिली.

"माझी जागा कुठं गेली?"

"कसली जागा?"

"आरं, मी बसायची ती."

वीस वर्षं आई त्या मडगार्डवर बसून वडिलांबरोबर शेतावर गेली होती. जाताना मांडीवर भाकरीची पाटी, येताना गवताचा भारा. तिच्या लुगड्यानंच तिथला रंग झिजवला होता. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी मागच्या ट्रॉलीत बसून मी तिची पाठच तर बघायचो. आणि तरी चार दिवस त्या पत्र्यावर हात चालवताना मला आई एकदाही आठवली नाही. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. लाज वाटते, पण कळत नाही.

"पत्रा सडला असता, आई."

"सडला असता तर सडला असता. सातबाऱ्यावर तुझ्या आज्याचं नाव, मग तुझ्या बापाचं. जमीन गेली तवा मला कुणी सही बी मागितली न्हाई. मी राबले ते तेवढंच दिसत हुतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थिनरनं रंग काढतो, असं मी म्हणालो खरा, पण म्हणता म्हणताच अडखळलो. खालचा पत्रा आता माझ्या पॉलिश पेपरनं घासलेला, तिच्या लुगड्यानं नव्हे. रंग ठेवला तर ती जागा गेली, काढला तर दिसेल ती तिची नसेल. मी डबा हातात घेऊन नुसता उभा.

आईनं स्टूल मागितलं. माझ्या खांद्यावर भार देत चढली आणि मडगार्डवर बसली.

"उतर आई, पडशील."

"न्हाई उतरत. घासू दे परत."

थट्टा करतेय की खरंच म्हणतेय, मला समजेना. घासायला वीस वर्षं लागली होती, आणि आई आता अठ्ठ्याहत्तरची. मी तिचा दंड धरून तसाच उभा राहिलो.