धुलाईबाईच्या चौदा ओळी

नाही गं, ती धाकटी नव्हे, तिची थोरली बहीण. खालच्या मजल्यावर राहायची ती धुलाईबाई. तू तेव्हा रांगत होतीस, तुला कुठली आठवायला! लिहितेस ना? मग अक्षर जरा मोठं काढ, तुझ्या काकाला चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे.

तर धुलाईबाई मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. तिच्याकडे सगळ्यात मोठं मशीन. त्याचा ड्रम एवढा, की माणूस वाकून आत उभा राहील. आणि राहायचाच. तिची धाकटी बहीण रोज सकाळी आत शिरून भोकाभोकांत अडकलेले धागे, कापसाचे बोळे उपसून काढायची. सातच्या ठोक्याला पहिला घाणा लागायचा. सव्वीस वर्षं थोरली बटण दाबत होती, आणि एक दिवस चुकला नाही.

मग एक नवा डबा आला. कॉम्प्युटरचा. सुपरवायझर म्हणाला, "बाई, मशीनला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. प्रोग्रॅम तुम्हीच लिहायचा. शिका."

"मी? अहो, मला मोबाईलवर फोटो सापडत नाही."

"म्हणूनच क्लास लावलाय."

इस्त्रीवाला हसून लोळायचा बाकी होता. "बाई आता कॉम्प्युटरला साबण लावणार!" म्हणाला. ती त्याला म्हणाली, "तुझ्या तोंडाला आधी लावते, थांब."

पण गेली गं ती. दर शनिवारी, वही घेऊन. शिकवणारा मास्तर भला माणूस होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "हा डबा हुशार नाही. अगदी बिनडोक आहे. सांगाल तेवढंच करणार, न सांगितलेलं एक बोटभर करणार नाही. म्हणून जे जे करता, ते सगळं लिहा. क्रमाने." मग त्याने 'जर' आणि 'तर' शिकवलं. जर दार बंद असेल, तर पुढे जा; नाहीतर थांब. जोवर पाणी भरत नाही, तोवर बघत राहा. पहिल्यांदा तिने 'कधी थांबायचं' ते लिहिलंच नाही, आणि पडद्यावरचा खोटा ड्रम फिरतच राहिला, फिरतच राहिला. सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. घरी येऊन धाकटीला म्हणाली, "त्याला कंटाळा येत नाही गं. मी उठून गेले असते तरी तो फिरतच राहिला असता."

तिने दोन आठवडे स्वतःवर पाळत ठेवली. काय करते, कशानंतर काय करते. चौदा ओळी झाल्या. दार बंद आहे का बघ. एक मिनिट थांब. कोरड्या दोन गिरक्या दे, उरलेसुरले धागे झडायला. मग वरच्या घसरणीतून चादरी आत सोड, मग पाणी, मग साबण, असं करत करत थेट शेवटपर्यंत. मास्तर म्हणाला, "काही सुटलं तर नाही ना?" ती म्हणाली, "एकही पायरी सुटलेली नाही." छाती अशी फुगली होती तिची!

दहा दिवस तालीम झाली. ती मशीनजवळ उभी राहायची, बटण दाबायची, डबा तिच्या चौदा ओळी धडाधड करून दाखवायचा. एक चूक नाही. अकराव्या दिवसापासून बटणही नको, घड्याळानेच सात वाजता सुरू व्हायचं ठरलं.

त्या सकाळी सुपरवायझरने तिला वर ऑफिसात बोलावलं. मोठे साहेब आले होते, त्यांना दाखवायचं होतं. खुर्ची दिली, चहा दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती सात वाजता बसलेली होती. आणि तिचा उजवा तळहात शिवशिवायला लागला. पदराला पुसला, गुडघ्यावर घासला. थांबेना. समोर पडद्यावर तिच्या ओळी होत्या. सात वाजले. पहिली ओळ हिरवी झाली. 'दार बंद आहे का?' खाली उमटलं, 'हो.'

तिच्या मनात आलं, हो कसं? बंद केलं कुणी? या वेळी तर धाकटी...

आणि तिला तार आठवली. दार लागलं की दबते ती खटकी सारखी अडकायची, मशीन मध्येच बंद पडायचं, म्हणून बारा वर्षांपूर्वी तिनेच ती तारेने आवळून टाकली होती. तेव्हापासून मशीनच्या लेखी दार कायमचं बंदच. मग त्या दिवसापासून बटणाआधी ती काय करायची, सांगू? तळहाताने ड्रमवर दोनदा हाणायची. धप्प, धप्प. आतून धाकटी म्हणायची, "निघाले गं!" बाहेर यायची, दार लावायची, मग बटण. तालमीच्या दहाही दिवशी हाताने ते केलं होतं. डोक्याला पत्ताच नव्हता. वहीत आलंच नाही.

दुसरी ओळ हिरवी झाली. 'एक मिनिट थांब.'

कप खाली पडला. साहेब "काय झालं, काय झालं" म्हणतायत, ही जिन्यात. खाली इस्त्रीच्या वाफेचा एवढा गोंगाट, की हाक कुणाला ऐकू जाणार! "बाहेर ये! अगं बाहेर ये!" ओरडत ती शेवटच्या पायरीवर पोचली आणि ड्रम फिरला. मशीन थांबवायच्या लाल बटणावर तिने अख्खं अंग टाकलं. अर्धीच गिरकी झाली होती.

धाकटी वाचली. पण डावा पाय घोट्यापासून असा पिळला गेला, की पुढे कायम काठी आली. तिला बाहेर ओढून काढली तेव्हा तिने थोरलीचा हात धरला. म्हणाली, "आज धप्प-धप्प वाजलंच नाही गं. मी त्याचीच वाट बघत होते."

धुलाईबाईने त्याच दिवशी तार कापली. पंधरावी ओळ लिहिली: माणसाने जवळ येऊन, आत वाकून बघून, स्वतःच्या हाताने बटण दाबल्याशिवाय सुरू होऊ नकोस. पण घरी जेवताना तिचा हात ताटाशेजारी आपोआप दोनदा आपटायचा, आणि पलीकडे धाकटी घास तसाच ठेवून उठायला बघायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता का सांगतेय, म्हणतेस? काल तुझा काका फोनवर काय म्हणाला, ऐकलंस ना? पावाच्या कारखान्यात पीठ मळायच्या मशीनचा प्रोग्रॅम त्याने लिहिलाय, सोमवारपासून आपोआप चालणार. "आई, एकही पायरी सुटलेली नाही," म्हणाला. तेच शब्द गं, अगदी तेच. तेव्हापासून मला घास जात नाहीये.

फोनवर नको, तो हो-हो म्हणेल आणि विसरेल. हा कागद आजच त्याच्या हातात दे. आणि म्हणावं, वही बाजूला ठेव, त्या मशीनवरच्या जुन्या माणसाशेजारी एक सकाळ उभा राहा, आणि तो बटणाआधी हाताने काय करतो, तेवढं बघ. सोमवारच्या आत.