एका दारासाठी तीन रविवार

आज रेहानाला जाऊन वर्ष झालं, आणि आज चार वाजता आम्ही खेळायला बसणार आहोत.

हे शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला पुन्हा मेसेज करू नये. या आठवड्यात तीन आले.
"वर्षाच्या दिवशी गेम?"
"चाळिशी उलटली तुमची."
"ती गेली, आता तरी पोरखेळ बंद करा."

नाही करणार.

रेहाना माझी मैत्रीण. शाळेत भूगोल शिकवायची. मूळची मालेगावची, घरी यंत्रमाग. गंगापूर रोडवरच्या तिच्या फ्लॅटमध्ये आम्ही दर रविवारी जमायचो.

खेळ असा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. काय करायचं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात.

आमची गोष्ट रेहाना चालवायची.

सुरुवातीला तुमचं पात्र लेव्हल वनचं असतं. म्हणजे गल्लीतलं कुत्रं चावलं तरी मरेल असं. तरीही बाकीचे लोक अशा पात्रांना घेऊन थेट जंगलात, गुहेत जातात. रेहाना आम्हाला शहराची वेस ओलांडू द्यायची नाही.

भूषण आमचा जादूगार. देवळ्याचा, कांद्याचा व्यापार. तो दर वेळी कुरकुरायचा.
"मॅडम, लय दिवस झाले. एक तरी ड्रॅगन येऊ द्या."
"ड्रॅगनला तुझं नाव तरी माहितीये का? आधी गल्लीत ओळख कर."

तिचं शहर मालेगावसारखंच होतं. दिवसरात्र मागांची खडखड.

पहिल्या रविवारी ती एवढंच म्हणाली, "एका गल्लीतले माग सकाळपासून बंद आहेत. आजूबाजूचे लोक घाबरलेत."

आवाज थांबला म्हणून कोणी घाबरतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तिने नंतर सांगितलं, "आमच्याकडे मागांच्या खडखडीत झोप लागते गं. शांत झालं की जाग येते."

मी होते कुऱ्हाडवाली योद्धा. त्या वर्षी माझा घटस्फोट चालू होता. घरात, कोर्टात, माझं कोणी ऐकत नव्हतं. कुऱ्हाड मी मुद्दाम घेतली होती.

गल्लीतलं पहिलंच घर. मी फासा टाकला. वीसपैकी वीस.

"मी दार फोडते."

"फुटलं," रेहाना म्हणाली. "आत एक विणकर बसलाय. त्याच्या मांडीवर आठ वर्षांची मुलगी, नूरी. तापाने फणफणलीये, आवाज सोसत नाही. म्हणून अख्ख्या गल्लीने माग बंद ठेवलेत. तीन दिवसांनी आत्ता कुठे तिचा डोळा लागला होता."



"मग आता?" मी विचारलं.
"आता काय? थंडीचे दिवस आहेत आणि त्यांच्या घराला दार नाही."

ते दार बसवायला आम्हाला तीन रविवार लागले.

सुताराचं विणकराशी जुनं भांडण. आधी ते मिटवायचं. मग लाकूड. सुनंदाताई, खऱ्या आयुष्यात रिटायर्ड नर्स आणि आमच्या टेबलावरची चोर, बिजागरी चोरायला गेल्या आणि पकडल्या गेल्या. त्यांना सोडवून आणण्यात एक अख्खा रविवार गेला.

"मॅडम, हा गेम हाय का सुतारकाम?" भूषण.

तिसऱ्या रविवारी दार बसलं आणि मी खरोखर रडले. त्या वर्षात मोडलेली ती एकच गोष्ट दुरुस्त झाली होती.

एकदा मी तिला विचारलं, "शहरातल्या शहरात एवढी साहसं तुला सापडतात कुठे?"
"शोधतंय कोण? मागच्या रविवारी तुम्ही काय मोडलंत, ते बघते."

ती गेल्यावर गोष्ट चालवायला मी बसले. इंटरनेटवर शोधलं. लेव्हल वन, शहरातलं साहस. तळघरातले उंदीर मिळाले. गटारातली भुयारं, चोरांची टोळी. प्रिंट काढले. भूषणला छोटा ड्रॅगनसुद्धा दिला.

दोन रविवारांनी तोच म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण मजा नाय."

टेबल बंद पडलं. पुढचे कित्येक महिने दर रविवारी चार वाजले की मी उगाच भांडी घासत बसायचे.

रेहानाला बाजी म्हणणारे तिचे भाऊ इकबालभाई एक पिशवी देऊन गेले होते. "ताई, ये बाजी का सामान है. हम लोगों को तो कुछ समझता नहीं. तुम्हीच ठेवा."

ती मी उघडली नव्हती. मागच्या महिन्यात उघडली.

आत साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे. शेकडो. एकेका पुठ्ठ्यावर तिच्या शहरातला एकेक माणूस. नाव, काम, आणि खाली आम्ही त्याच्याशी कसे वागलो ते. सुतार. बिजागरीवाला. आमच्यामुळे ज्याची हातगाडी उलटली, तो फळवाला.

नूरीच्या पुठ्ठ्यावर शेवटची ओळ होती:
"मोठी झालीस की कुऱ्हाड चालवायला शिकवीन, असं वचन मिळालंय. वाट बघतेय. आता बारा वर्षांची."

मी दिलं होतं ते वचन. घाबरलेल्या पोरीला गप्प करायला. त्याच दिवशी विसरले. रेहाना चार वर्षं विसरली नाही, आणि मला एकदाही आठवण करून दिली नाही.

मला साहस सापडलं.

परवा इकबालभाईंचा फोन आला. "ताई, मी बसलो तर चालेल का? बाजी क्या करती थी, एक बार देखना है."

सकाळी मालेगावात तिच्या नावाने फातिहा वाचून झाली की ते निघतील. माझी कुऱ्हाडवाली मी त्यांना देणार आहे. नूरी मी होणार.

म्हणजे या वेळी मी दाराच्या आत आहे.

त्यांनी दार वाजवलं तर उत्तम.
फोडलं, तर पुढचे तीन रविवार आमचे.

ये गं रेहाना. चार वाजता. तुझी खुर्ची मी घेतलीये, पुठ्ठे तुझेच आहेत.