आतड्याची चाल

फाइलवर इंग्रजीत एक शब्द होता, पेरिस्टॅल्सिस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी डॉक्टरांना अर्थ विचारला. "आतड्याची आपोआप होणारी हालचाल," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर ती थांबते. वारा सरला की समजायचं, सुरू झाली. तोवर पाण्याचा थेंबही नाही. दुपारपर्यंत झालं नाही, तर पुण्याला हलवू. कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल."

माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, आतड्याला पीळ पडला होता. विंझरहून त्यांना भोरला आणलं ते मीच. नवरा परराज्यात कामाला, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. आबांना काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. म्हणून मी खाटेजवळून हललेच नाही. बसायचे, उठायचे, सलाइनचे थेंब बघायचे, परत बसायचे. सिस्टर दर तासाला यायची. "आबा, वारा सरला का?"

आबा माझ्याकडे बघायचे, मग छताकडे. "न्हाई."

ओठ सुकून पांढरे पडले होते. मी ओल्या कापसाने टिपायचे, तर तो कापूसच चोखायला बघायचे. मला रडू यायचं आणि रागही. सिस्टरवर उगाच खेकसले, "सारखं तेच काय विचारता?"

दुपारी अॅम्ब्युलन्स सांगितली. सही करायला मी पहिल्यांदाच बाहेर गेले. परत आले तर पडद्याआड आबा सिस्टरशी हळू बोलत होते.

"सकाळधरनं दोनदा सरलाय. पन सूनबाईम्होरं कसं सांगायचं? ती हितनं हलंचना."

मी तिथेच थबकले. बारा वर्षं हा माणूस खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात आला नाही. दुसरी भाकरी हवी असली तरी सासूबाईंकडून निरोप. हे मला ठाऊक नव्हतं का? मीच त्यांच्या उशाशी ठाण मांडून त्यांना तहानलेलं ठेवलं होतं, आणि वर त्याला सेवा म्हणत होते. लाज वाटली, फार लाज वाटली.

डॉक्टरांनी पोट तपासलं, अॅम्ब्युलन्स नको म्हणून कळवलं. पाणी द्यायला परवानगी मिळाली. पहिला चमचा आपणच पाजावा असं मला फार वाटत होतं.

मी भांडं सिस्टरच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसले.