चुन्याखालचं नाव

सुमनआक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. तास अर्धवट टाकून त्यांच्या घरी पोचलो, तर अंगणात दंतमंजनाचे रिकामे डबे उन्हात वाळत होते. सकाळी त्यांनीच धुऊन मांडलेले... ते कोणी उचलायचे, हे कोणालाच सुचत नव्हतं.

आक्का माझ्या शेजारच्या. त्यांचे यजमान, दादा, सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पाठीचं कायमचं दुखणं घेऊन परतले. तेव्हापासून घर चालायचं ते आक्कांच्या ‘सुमन दंतमंजना’वर. धाकटे दीर वसंतराव दुकानोदुकानी फिरून माल खपवत. पुढं टूथपेस्ट गल्लोगल्ली पोचली आणि मंजनाची मागणी घटली. शेवटचा उपाय म्हणून आक्कांनी एस.टी. स्टँडजवळची एक भिंत भाड्यानं घेऊन जाहिरात रंगवली.

थोड्याच दिवसांत सीमाप्रश्न पुन्हा पेटला. एका सकाळी पाहतो तर तालमीतल्या पोरांनी त्याच भिंतीवर ‘सीमाभाग आमचाच’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं. पण दादांच्या घरची जाहिरात, म्हणून मानापोटी मंजनाचं नाव तेवढं खाली राखलेलं! येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, घोषणा मंजनवाल्यांचीच. डबे भराभर खपू लागले. वसंतराव हरखून गेले.

“वैनी, देवानंच जाहिरात दिली की! आता डब्यावर पण छापूया.”

“पुसून टाक,” आक्का म्हणाल्या.

“घोषणा?”

“घोषणा खरी हाय, ती ऱ्हाऊ दे. आपलं नाव पूस.”

“अवो, आपण त्याच बाजूचं न्हवं? मग लपवायचं कशाला?”

“त्या बाजूचं हाय म्हणून तर! ह्यांनी लाठ्या खाल्ल्या त्या काय मंजन खपवायला व्हय?” मग माझ्याकडे वळल्या. “मास्तर, तुम्ही सांगा. मंजनानं दात घासायचं, का सीमा?”

मी नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस. खरं तर मला वसंतरावांचं पटत होतं. घर सावरत होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं...

दुपारी भर वर्दळीत आक्का पदर खोचून शिडीवर चढल्या आणि स्वतःच्या नावावर चुना ओढू लागल्या. खालून कोणी ओरडलं, “आक्का, सोन्यासारखं नाव घालवताय की!”

“घालवत न्हाय रं, झाकतोय!”

त्या दिवशीचा माझा अचंबा अजून ओसरलेला नाही. पुस्तकांत तत्त्वं पुष्कळ वाचली होती. एक तत्त्व शिडीवर चढलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

खप पुन्हा उतरला. वसंतरावांनी साखर कारखान्यात नोकरी धरली. आक्का थोडंथोडं मंजन करून घरूनच विकत राहिल्या. दर पावसाळ्यात चुना धुऊन जाई, खालच्या तैलरंगातली अक्षरं डोकं वर काढत, आणि दिवाळीआधी आक्का बादली घेऊन निघत. वर्षानुवर्षं.

आक्का गेल्या, पावसाळा सरला. परवा त्या रस्त्यानं गेलो. घोषणा फिकटली होती. खाली मात्र ‘सुमन’ स्वच्छ उमटलेलं. वसंतराव भिंतीला शिडी लावत होते. केस पांढरे, हातात तीच बादली.

“दिसतंय तवर बघून घ्या, मास्तर,” ते म्हणाले.

मी शिडी धरली. त्यांनी वर चढून कुंचला चुन्यात बुडवला, पण हात काही भिंतीकडे जाईना. चुना माझ्या मनगटावर ठिबकत राहिला...