कापडाखालचा कॉम्प्युटर

तुमच्या ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवरचं कापड निघालेलं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात ते फक्त धुवायला निघायचं. खोलीवर पाटी होती, ‘युवकांसाठी’, आणि पाटीखाली कुलूप. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, असल्या पाट्यांचा मला लगेच राग येतो. माझ्या मामेबहिणीला रागवायलाही वेळ नव्हता. ती बी.ए. झाली होती. धान निघालं की आमच्याकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि मामीनं यंदा तिचंही नाव मुकादमाला सांगितलं होतं. त्याआधी ऑफिसातली नोकरी लागली तरच ती सुटणार होती. प्रत्येक जाहिरातीत एकच अट असायची, एक्सेल आलं पाहिजे.

मी किल्ली मागायला गेलो. शिपाई म्हणाला, “मशीन बिघडली तं कोन भरून देईल? पोरीयपाशी मोबाईल आहे ना, त्याच्यावर शिका म्हणा.”

म्हणून आम्ही मोबाईलवर शिकायला बसलो. व्हिडिओतला माणूस पूर्व विभागाची विक्री, पश्चिम विभागाची विक्री असं सांगत होता. दुसऱ्याच दिवशी ती जांभया द्यायला लागली.

“हे कोनाची विक्री आहे भाऊ? मले तं झोप येऊन राह्यली.”

“मंग तुले काय पाहिजे?”

“नाटक.”

धानानंतर आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. कोणत्या गावात कोणतं नाटक लागणार, हे तिला तोंडपाठ असायचं. तेच आम्ही भरायला घेतलं. एका रकान्यात गाव, दुसऱ्यात नाटक, तिसऱ्यात तिथं पायी जाता येतं का. शेवटचा रकाना तिनंच काढला: मागच्या वर्षी पाहिलं तेव्हा किती रडवलं, दहापैकी. मग फिल्टर लावायचा, पायी जाता येईल आणि भरपूर रडवेल अशी नाटकं वर आणायची. हळूहळू आणखी पोरी फोन घेऊन आमच्या ओट्यावर जमायला लागल्या. गुणांवरून भांडणं व्हायची.

“इले तं कॉमेडीतही रडू येते, इचे मार्क काटा!”

“काऊन? पैल्या रांगेत तूच हुंदके देत होती ना!”

भांडण मिटवायला सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढायची. अशी त्यांना सरासरी आली. लिहायचं मात्र तोंडानं. फोनचा माईक दाबायचा आणि बोलायचं, गावात सगळे तसंच लिहितात. बटणं शोधत बसायची गरज कुणालाच पडली नव्हती.

ऊर्जानगरातल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसनं तिला परीक्षेला बोलावलं. मी फाटकाबाहेर थांबलो. ती बाहेर आली आणि सरळ एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून तिनं सांगितलं.

“मजुराईची नावं भराची होती, अन् गाववार लावाची होती. आपल्या नाटकासारखंच होतं भाऊ. फिल्टर मले येत होता.”

“मंग?”

“मी पडद्यावर बोट ठेवलं. बाजूचा पोरगा हासला. माउस हातात थांबेच ना. नावं भरताना माह्या तोंडातून बोलणं निघून जाय. साहेब म्हणे, बाई, मंत्र नको म्हणू, टाइप कर.”

अर्धीसुद्धा नावं भरून झाली नाहीत. फिल्टर लावायची वेळच आली नाही.

भात कापून झाला आणि मुकादमाची गाडी आली. मामीनं डबा बांधून दिला. ती मागच्या बाजूला बायांमध्ये बसली आणि जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर ओट्यावर कुणी जमलं नाही. पुढच्या वर्षी आपणही त्याच गाडीत बसणार, हे त्या पोरींना कळून चुकलं होतं.

परवा तिचा आवाजातला निरोप आला. “मिरचीनं हात भगभगून राह्यले, फोन धरवत नाई. आपल्या गावात नाटक झालं म्हणते. माह्याकडून भरून टाक. रडवलं का?”

तो रकाना मी अजून भरलेला नाही.

उद्या तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि किल्ली मागा. दिली नाही तर दारात बसा, पण एकटे बसू नका, गावातल्या पोरींना सोबत न्या. आणि कापड निघालं की माउसवर पहिला हात त्यांचा पडू द्या. काय भरायचं ते त्यांना विचारा.