रापणीसाठी दिल्लीला

कुडाळ स्टेशनावर आम्हाला निरोप द्यायला अर्धा गाव लोटला होता. प्रत्येकाकडे एक सूचना आणि एक पिशवी. सूचना मी फलाटावरच विसरले. पिशव्या मात्र दिल्लीपर्यंत वाहाव्या लागल्या. त्यांतल्या एकीत सुकट होती (वाळवलेली कोलंबी), साहेबलोकांना भेट म्हणून. ती वर्तमानपत्राच्या कितीतरी घड्यांत बांधली होती. त्या घड्यांचा काही उपयोग झाला नाही, हे डब्यातल्या लोकांच्या तोंडावरून पनवेल यायच्या आत कळलं.

निघालो होतो दोघंच. मी, गावात घरगुती खानावळ चालवणारी बाई, आणि माझे सासरे आबा, आमच्या रापणीचे तांडेल (म्होरके). रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर गावाने वाळूत उभं राहून ओढायचे. आबांच्या सोबतीला मी का, तर मला हिंदी येतं. ते मी टीव्हीवरच्या मालिका बघून शिकले, त्यामुळे सासू-सुनांच्या भांडणाला उत्तम आणि सरकारी कामाला बेताचं आहे.

काम असं होतं. आमच्या गावाला दोन डोंगरांच्या कुशीत शिरलेला समुद्राचा एक तुकडा आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला उपसागर म्हणतील, आम्ही नुसतं बंदर म्हणतो. त्यावर एका हॉटेलवाल्याचा डोळा होता. आम्ही अर्ज केले, आरडाओरडा केला, आणि शेवटी सरकारने ते बंदर 'संरक्षित सार्वजनिक विहारक्षेत्र' करायचं ठरवलं. कुणी बांधायचं नाही, कुणी कुंपण घालायचं नाही, सगळ्यांनी फिरायला, पोहायला यायचं. गावात पेढे वाटले. मग मसुदा आला आणि कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचला, जे आमच्याकडे सहसा होत नाही. तळाशी लिहिलं होतं: या क्षेत्रात व्यावसायिक मासेमारीस बंदी. म्हणजे हॉटेल गेलं आणि जाताना रापण घेऊन गेलं. निम्म्या गावाची चूल त्या जाळ्यावर पेटते. हरकत असेल तर दिल्लीला येऊन सांगा, असा निरोप होता.

गाडीत मी आबांना पढवलं. साहेब विचारतील, रापण कशासाठी? तुम्ही म्हणायचं, परंपरा आहे, हौस आहे, आनंद आहे. धंद्याचा ध काढायचा नाही. आबा खिडकीतून बाहेर बघत हूं हूं करत होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी एवढं बोलले नव्हते, आणि त्यांनीही एवढं ऐकलं नव्हतं. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

निजामुद्दीनला उतरलो तर समोर धुकं. दिल्ली असणार असा अंदाज करून आम्ही रिक्षात बसलो. आबांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली होती. "हयसर समुद्र खंय आसा?" (इथे समुद्र कुठे आहे?) त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे समुद्रच नाही. "मग ह्यांका बंदरातला काय कळतला?" (मग यांना बंदरातलं काय कळणार?) रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "अंकलजी क्या कह रहे हैं?" मी म्हटलं, "दिल्ली बहुत अच्छी है, कह रहे हैं." तो खूश झाला आणि तरीही त्याने लांबचा रस्ता घेतला.

कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात आमदारांच्या ओळखीने खोली मिळाली. खोलीवर आलेल्या साताऱ्याच्या कर्मचाऱ्याने दारातच नाक मुरडलं. "ताई, इथे काही मेलंय का?"

"मेलंय, पण गावीच मेलंय," मी म्हटलं आणि सुकट गॅलरीत टांगली. खाली उपाहारगृहात साबुदाणा वडे होते आणि ते खायला दिल्लीकरांची ही गर्दी. आबांनी एक वडा खाल्ला, चटणी बाजूला सारली आणि मासे कधी मिळतात ते विचारलं. मासे मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांचा दिल्लीवरचा उरलासुरला विश्वास उडाला.

संध्याकाळी चालत इंडिया गेटला गेलो. धुक्यातही माणसंच माणसं. चटया, भेळ, साबणाचे फुगे, स्वेटर घातलेली पोरं आइस्क्रीम खातायत. मला फार आवडलं. आबा मात्र एका पहारेकऱ्याकडे टक लावून उभे. कुणी दोरीच्या पलीकडे हिरवळीवर पाय ठेवला की तो शिट्टी वाजवायचा.

"ही बाग कोणाची?" आबा म्हणाले.

"सगळ्यांची."

"आणि शिट्टी कोणासाठी?"

"सगळ्यांसाठीच."

आबा पुन्हा शिट्टीवाल्याकडे बघू लागले. मी भेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. कुठल्या खात्यात, ते सांगत नाही. पुन्हा जायची वेळ येऊ शकते. दारावरच्या यंत्रातून पिशवी गेली आणि जवानाने ती उघडली. "माताजी, ये क्या है?" मी म्हटलं, भेट आहे. त्याने वास घेतला आणि पिशवी हात लांब करून झाडाखाली नेऊन ठेवली. आम्ही आत जाईपर्यंत तिच्यावर दोन माकडं बसली होती. गावाची भेट अशी पोचती झाली.

सुनावणी घेणाऱ्या बाई मुजावर मॅडम. वडील रत्नागिरीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले ते इथलेच झाले. मॅडमचं मराठी छान, फक्त मध्ये मध्ये हिंदीची कोथिंबीर. "अच्छा, आबा, बसा ना. चहा घेणार ना? बिल्कुल घ्या, थंडी आहे." त्यांनी आमचं सगळं मन लावून ऐकलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बघा, विहारक्षेत्रात करमणुकीला परवानगी आहे, धंद्याला नाही. रापण ही पारंपरिक करमणूक आहे, असं तुम्ही म्हणा. मी तसं लिहिते. काम झालं."

माझ्या जिवात जीव आला. हे तर मी पनवेलपासून पढवत होते. मी आबांकडे बघितलं.

"मजा म्हणान कोण वडता?" आबा म्हणाले. "पोट आसा म्हणान वडतंव." (मजा म्हणून कोण ओढतं? पोट आहे म्हणून ओढतो.)

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आबा, मग तो धंदा झाला ना, यार."

"धंद्यात मालक असतो. रापणीत मालक नाही. ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. गावचा असो, वाटसरू असो."

"टुरिस्टने ओढलं तर?"

"त्यालाही."

शेजारी बसलेले एक साहेब इतका वेळ मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली. "फिर प्रॉफिट किसका?" यावर आबांनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे, आणि मॅडमनी छताकडे. मग त्या अगदी लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "आबा, फक्त हो म्हणा. बाकी मी सांभाळते."

"आज करमणूक लिहाल," आबा म्हणाले, "उद्या करमणुकीची वेळ ठरवाल. परवा तिथे शिट्टीवाला उभा कराल. नको."

बाहेरच्या जिन्यात मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यांवर ओरडायची माझी ती पहिलीच वेळ, आणि जागा पण काय, दिल्लीचं सरकारी कार्यालय. तुमच्या एका 'हो'साठी गाव वाट बघतंय, म्हटलं. गावात काय तोंड दाखवायचं? आबा कठड्याला धरून उभे राहिले. "खोटं बोलून जाळं राखलं, तर ते जाळं कोणाचं ते मला सांगता येणार नाही, सुनबाई," ते म्हणाले. मला रडू आलं आणि रडताना त्यांचा आणखी राग आला.

परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी फक्त चहा हवा का एवढंच बोललो. गावात मी खरं ते सांगितलं. त्यानंतर माझ्या खानावळीत महिनाभर गावातला एकही माणूस चहाला आला नाही.

आणि मग अंतिम आदेश आला. या वेळी सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचला. बंदर संरक्षित. व्यावसायिक मासेमारीस बंदी. अपवाद: जिच्यात दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणीही असो, वाटा मिळतो अशी रापण. मॅडमनी आबांचं वाक्यच्या वाक्य उचलून ठेवलं होतं.

विहारक्षेत्र झाल्यावरची पहिली रापण बघायला ही गर्दी लोटली. पुण्याची माणसं, बेळगावची माणसं, एक तर नोएडाचं कुटुंब. सगळ्यांनी दोराला हात घातला, कारण सरकारनेच लिहून दिलं होतं. गावच्या लोकांनी कपाळावर हात मारला. मी वाळूत उभी राहून पाहुण्यांना दिल्लीची हकीकत सांगत होते. माझ्या हकीकतीत मी आबांवर ओरडत नाही.

जाळं आलं, बांगडे आले, आबा वाटे घालायला बसले. नोएडाच्या बाईंना वाटा मिळाला, त्यांच्या पोरीला मिळाला. मी टोपली पुढे केली. आबांनी टोपलीकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला वाटा दिला.

"आबा, मी दिल्लीला गेले होते," मी म्हटलं.

"माका ठाऊक आसा," आबा म्हणाले. "दोराक हात लावलंस?"

सगळ्या पाहुण्यांसमोर मी रिकामी टोपली घेऊन घरी आले. राग इतका आला की जेवले नाही. ज्या माणसाने अख्ख्या सरकारला सवलत दिली नाही, तो मला देईल अशी आशा मी का केली होती, देव जाणे. सकाळी उजाडायच्या आत साडी खोचली आणि दोर धरणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिले. हाताची सालं निघाली. वाट्याला चार बांगडे आले. ते मी कुणालाही न विचारता तळले आणि एकटीने खाल्ले.